पगार आणि शांतता

सातवीच्या वर्गात परभाषेतून आलेल्या शब्दांचा पाठ चालला होता. एका मुलीने विचारले, "सर, पगार उर्दू शब्द आहे ना? माझे नाना परळच्या गिरणीत होते, ते नेहमी पगारच म्हणायचे."

उर्दूत आपण तनख्वाह म्हणतो. तो फारसीतून आला. तन म्हणजे शरीर, ख्वाह म्हणजे चाहणारा. शरीराची गरज भागवणारे ते तनख्वाह. पगार मात्र पोर्तुगिजांकडून आला. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मुंबईची बेटे त्यांना दिली. १६६१ च्या विवाह करारात त्यांनी मुंबई इंग्रजांना देऊन टाकली, पण पाव, चावी, पगार हे शब्द आपल्याकडेच राहिले.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. आणि त्याचेही मूळ 'पाक्स', म्हणजे शांतता. इंग्रजीतले 'पे' आणि 'पीस' ही याच घरातली भावंडे. पॅसिफिक महासागराचे नावही याच घराण्यातले. घेणेकऱ्याचे पैसे मिळाले की त्याचा जीव शांत होतो, असा हा अर्थाचा प्रवास.

लालबाग-परळच्या खाणावळवाल्या बायांना हे लॅटिन न शिकताच ठाऊक होते. गिरणी कामगार महिनाभर उधारीवर जेवत आणि पगार झाला की हिशेब चुकता करत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि त्यावर चालणाऱ्या खाणावळींची, वाण्यांची, कितीतरी घरांची शांतता गेली.

हे सगळे फळ्यावर लिहिताना आम्हाला आमच्याच घरची गोष्ट आठवली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आम्ही आठवडाभर "उद्या देतो" म्हणत होतो. पैसे नव्हते असे नाही; बँकेत जायचा कंटाळा होता. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

त्या संध्याकाळी पैसे हातात ठेवले. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, आज रेशनवाल्याकडे तोंड दाखवता येईल."

वाचकहो, या महिन्यात तुमच्या घरी कोणाचा पगार राहिला आहे का?