पुणे ते अहमदपूर : जेवायला कुठं थांबायचं?

आमच्या टीममधला एक जण मध्यंतरी उत्तर स्पेनला जाऊन आला. बिल्बाओला गाडी भाड्यानं घेतली आणि सान सेबास्तियान, सांतांदेर, ओव्हिएदो असा सहा दिवसांचा फेरफटका मारला. जाण्याआधी तीन आठवडे पठ्ठ्या एक्सेल शीट भरत होता. कुठल्या गावात कुठलं हॉटेल, रेटिंग किती, बुकिंग लागतं का... सगळं. फक्त एक राहिलं. बास्क भागातल्या सफरचंदाच्या वाइनच्या खानावळींचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि हा गेला मे महिन्यात! शीटमध्ये सगळे कॉलम होते, तारखेचा नव्हता :)

मी त्याला भरपूर हसलो. पण मंडळी, हसण्याचा अधिकार मला नाही. त्याचं नुसतं जेवण हुकलं होतं. माझं प्रकरण त्याहून वाईट होतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही येळवशीला गावी निघालो. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिव भागात या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी, येडशी, मुरूड, लातूर, चाकूर करत अहमदपूर साधारण चारशे किलोमीटर. गाडीत मी, बायको, आई आणि अण्णा. अण्णांचं वय ७१, दोन्ही वेळच्या जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन.

आईनं दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायचं म्हटलं, तर मीच नको म्हणालो. "आई, आता रस्त्यावर एकसे एक हॉटेलं आहेत." फोनवर साडेचार ताऱ्यांचं एक शोधून ठेवलं होतं. अण्णांनी विचारलं, "काय बघूलालास एवढं त्या फोनात?" म्हटलं, "अण्णा, वीस मिनिटांत पोचतो, इंजेक्शन घेऊन टाका." त्यांनी घेतलं.

पोचलो तर ही गर्दी. टेबल मिळायला पंचवीस मिनिटं. ऑर्डर दिल्यावर "दहा मिनिटांत आणतो साहेब" ऐकत आणखी अर्धा तास. मी त्या वेळात भिंतीवरच्या बैलगाडीच्या चाकाचा फोटो काढत होतो. बायकोचं लक्ष गेलं म्हणून बरं. अण्णांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. मशीनवर साखर आली ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे आम्हाला डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेलं. बायको धावत काउंटरवर गेली, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली. पंधरा मिनिटांनी ८२. मग ताट आलं. चव कशी होती ते मला आजही आठवत नाही.

दुसरी गोष्ट घरी पोचल्यावर कळली. आईनं हडपसर सोडल्यापासून पाणीच घेतलं नव्हतं. का, तर रस्त्यात बाईमाणसाला जाण्यासारखी जागा मिळेल की नाही याचा भरवसा नाही. "तुला गाडी थांबव म्हणून किती वेळा सांगू?" एवढंच म्हणाली. वर्षानुवर्षं ती असाच प्रवास करते आहे, आणि मी चाललो होतो तारे मोजत.

तर सांगायचा मुद्दा असा. रेटिंग म्हणजे सरासरी, आणि सरासरीत अण्णा नाहीत, आईही नाही. आपण सॉफ्टवेअरवाले रोज सांगतो की सिस्टिम सरासरी लोडवर नाही, वाईटात वाईट दिवशी टिकली पाहिजे. मग जेवायची जागा निवडताना गाडीतल्या सगळ्यात अडचणीतल्या माणसापासून सुरुवात का करू नये?

"जिथं ट्रक उभे, तिथं जेवण चांगलं" हा सल्लाही मला आता पुरता पटत नाही. ट्रकवाल्याला गाडी लावायला जागा लागते, आडवं व्हायला बाज लागते. त्याची गरज खरी आहे, पण ती माझ्या आईची गरज नाही.

आमचे नवे नियम साधे आहेत. आधी बायकोनं किंवा आईनं उतरून स्वच्छतागृह बघायचं. तिथं नापास तर मेनू कार्ड उघडायचं नाही. मग विचारायचं, "आत्ता तयार काय आहे?" थाळी, पिठलं-भाकरी, वरण-भात, जे तयार असेल ते. ताट समोर येणार याची खात्री झाल्याशिवाय इन्सुलिन नाही. आणि डब्यात दशम्या कायम.

यात मजा गेली, असं काही जण म्हणतील. मला नाही वाटत. चवीचे प्रयोग पोटाला आधार असताना करावेत. भिगवणला उजनीचे मासे खावेत, लातूरला सकाळी पोचलात तर गरम सुशीला खावा (बाईचं नाव नाही हो, मुरमुऱ्यांचा पदार्थ!). सान सेबास्तियानचे लोकही म्हणे एका बारमध्ये एक-दोन घास खातात आणि पुढच्या बारकडे चालू लागतात. हे हिंडतं खाणं झालं. त्यावर कुणाची साखर अवलंबून नसते.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शेजारच्या शेतातून हाक आली, "या की जेवायला!" आमचं जेवण झालं होतं तरी बसावं लागलं. येळवशीला ज्याला शेत नाही, त्यालाही कुणीतरी बोलावतंच. वाढणाऱ्या मावशींनी पहिला प्रश्न अण्णांना विचारला, "गोड चालतंय का तुमाला?"

असो. या उन्हाळ्यात पुन्हा गावी जायचंय. आईला म्हटलंय, पाण्याची बाटली तुझ्याकडे, आणि ती लातूरच्या आत संपलेली दिसली पाहिजे. गाडी कुठं थांबवायची ते आता तीच सांगणार आहे.