सामान सांभाळायला कोण?

मराठी माणसाचा बर्फाशी परिचय तसा जुना आणि घरगुती. रसवंतीवाल्याची गोणपाटात गुंडाळलेली लादी, मासळीबाजारात पापलेटांच्या अंगाखाली पसरलेला चुरा, मुका मार लागला की रुमालात बांधायचा खडा आणि काडीवरचा लालभडक गोळा. याहून अधिक बर्फ पाहायचा तर काश्मीरला जायचे, भाड्याचा कोट आणि गमबूट चढवायचे, एकमेकांवर दोन मुठी उधळून फोटो काढायचा आणि ‘फार गारठा हो!’ म्हणत गाडीत येऊन बसायचे. बर्फ पाहायचा असतो. त्याच्यावर उभे राहून काही शिकायचे असते, हे आपल्या गावीही नसते.

त्यामुळे येत्या फेब्रुवारीत आपण तिघांनी गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचे, असे आमच्या कन्येने गणपतीत जाहीर केले तेव्हा घरात क्षणभर आरती संपल्यावर पसरते तशी शांतता पसरली. ती शांतता आमच्या हिने मोडली. म्हणाली, “तुम्ही दोघं शिका. मी खाली थर्मास घेऊन बसते. सामान सांभाळायला कोणीतरी हवंच की!”

वाचकहो, हे वाक्य तुम्ही कधी ऐकले नसेल तर आश्चर्य आहे. प्रत्येक मराठी कुटुंबाच्या सहलीत सामानाजवळची एक बाई असते. महाबळेश्वरला मंडळी नावेत बसतात, ती काठावर पिशव्यांपाशी. गणपतीपुळ्याला सगळे लाटांत, ती चपला, घड्याळे आणि चष्मे पदरात घेऊन वाळूत. किल्ला चढताना ती अर्ध्या वाटेवर झाडाखाली, डब्यांच्या राखणीला. तिला कोणी बस म्हणत नाही, ती आपणहून बसते. आणि सहलीच्या एकाही फोटोत ती नसते. कारण फोटो काढणाऱ्याच्या मागे, पिशव्यांच्या घोळक्यात तिची जागा ठरलेली असते.

कन्येने यावर भाषण केले नाही. ती हिशेबाची माणूस. म्हणाली, “आई, सांभाळावं लागेल एवढं सामान न्यायचंच नाही. मग बसशील कशाजवळ?”

म्हणून यंदा दसऱ्याला आमच्या घरी बांधाबांधीची रंगीत तालीम झाली. आपल्या देशातल्या बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर माणशी 15 किलो सामान पोटात घेतात. आमच्या पहिल्या ढिगाने तिघांचे 45 किलो सहज ओलांडले. त्यात लोणच्याची बरणी होती, इस्त्री होती आणि ‘असू दे, लागलं तर’ या सदराखालच्या अकरा वस्तू होत्या.

सामान कमी करायचे तर कशाचे काय काम, हे आधी समजायला हवे. पहिली कुऱ्हाड पडली ती सुती बनियनवर. सुती कपड्यावर आपली पिढीजात श्रद्धा. घाम टिपतो म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतो. बर्फात नेमका हाच त्याचा दुर्गुण ठरतो. धडपड करून माणूस घामाघूम होतो, सूत तो घाम पिऊन ओले राहते आणि थांबल्याबरोबर अंगाला गार पोटीस लावल्यासारखे होते. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा चटकन वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर उबेसाठी स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट, असे तीन थर घालायचे. लोकर दमट झाली तरी ऊब धरून ठेवते. त्यामुळे हिच्या आईने विणलेला, नॅप्थलीनच्या गोळ्यांत वीस वर्षे झोपलेला स्वेटर मानाने पुढे आला आणि माझे दोन भपकेदार सुती सदरे कपाटात परत गेले.

मोज्यांवर खडाजंगी झाली. हिचे म्हणणे, थंडी आहे तर दोन जोड घालावेत. पण स्कीचा बूट प्लास्टिकच्या कवचाचा, नडगीपर्यंत येणारा आणि घट्ट असतो. दोन मोज्यांनी आत सुरकुत्या पडतात, त्या रुततात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतो. बुटात एकच उंच मोजा जायचा; विजारीचा पायसुद्धा आत खोचायचा नाही. सरळ उभे राहिले की बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत. टाच मात्र उचलता कामा नये. एवढे जमले तर बूट मापाचा.

बूट, पट्ट्या, हातातल्या काठ्या, शिरस्त्राण, जाड विजार हे सारे गुलमर्गला भाड्याने मिळते. पहिल्याच वेळी ते विकत घेणे म्हणजे पेटीवर ‘सा’ लागण्याआधी तंबोऱ्याची जोडी घेण्यासारखे. मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे, अंगालगतचे कपडे आणि गॉगल मात्र ज्याचे त्याने न्यावेत. गॉगल ही मिजास नव्हे. जसजसे उंच जावे तशी उन्हातली अतिनील किरणे वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत खालून परत फेकतो. डोळे त्याने अक्षरशः भाजतात. उन्हाचे मलम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावायचे, कारण इथे ऊन खालूनही येते.

गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजार मीटरने अधिक. तिथे पोहोचल्या दिवशी पट्ट्या पायांत अडकवण्याची घाई करू नये. विरळ हवेत डोके दुखते, झोप नीट लागत नाही. एक दिवस स्वस्थ राहावे, पाणी भरपूर प्यावे. 1927 साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब काढला. 1998 मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा आणि 2005 मध्ये दुसरा सुरू झाला. तो पाळणा अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली येणे तरबेजांचे काम. हिमस्खलनाचा धोका तिथे असतो. नवशिक्यांची शाळा भरते ती खाली, गोल्फ मैदानाजवळच्या मंद उतारांवर. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची एक शिक्षणसंस्थाही तिथे आहे.

आता खरा प्रश्न. फोनवर पुण्याच्या आत्याबाईंनी तो रोखठोक विचारला : “या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला?” ही बावन्न वर्षांची. पन्नाशीच्या सुमारास बायकांच्या हाडांतला चुना झपाट्याने घटू लागतो, हे काही आत्याबाईंनी रचलेले नाही. ही त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन हाडांची तपासणी करून आली. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, मांड्या कच्च्या आहेत. त्या पक्क्या करा आणि जा. आणि दमल्यावर ‘आता एकदाच’ म्हणायचं नाही.” थर्मास घेऊन बसणारी बाई हाडे कशाला तपासते, हे मी तिला विचारले नाही.

मांड्या पक्क्या करण्याचा उपाय ऐकून मात्र हसू आले. भिंतीला पाठ टेकायची आणि गुडघे काटकोनात वाकवून हवेतल्या खुर्चीवर बसायचे. अहो, ही तर आमच्या शाळेतली शिक्षा! गृहपाठ न आणणाऱ्यांना मास्तर हीच खुर्ची देत. आता रोज संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात तीन वाकलेली माणसे भिंतीला चिकटलेली असतात. मी चाळीस सेकंदांत कोसळतो. ही दीड मिनिट टिकते आणि वर कुकरच्या शिट्ट्या मोजते. जोडीला चार मजले पायी आणि एका पायावर उभे राहून दात घासणे. हे सारे निघण्याआधी निदान दीड-दोन महिने करावे. आदल्या आठवड्यात सुरू केले तर गुलमर्गला फक्त दुखरे पाय पोहोचतात.

पडणे टळत नाही, पण पडण्याचीही रीत आहे. तोल गेला की मागे रेलू नये. बाजूला, कुल्ल्यावर बसल्यासारखे पडावे. उठताना पट्ट्या उताराला आडव्या कराव्यात, नाहीतर उठणारा माणूस उभा राहण्याआधीच निघून जातो. थांबायचे तर पुढची टोके जवळ आणि मागची दूर, असा पाचर-आकार करायचा. शिकवणारे त्याला सरळ ‘पिझ्झा’ म्हणतात. बूट पट्टीत अडकवणारी कळ जोराचा पीळ बसला की सुटते आणि पाय वाचवते. ती किती जोराला सुटावी, हे तुमची उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि वजन यांवरून ठरवतात. तेव्हा भाड्याच्या दुकानात वजन खरे सांगावे. जगात वजन चोरण्याच्या जागा पुष्कळ आहेत. ही त्यांतली नव्हे. आणि विम्याचा कागद नीट वाचावा. साहसी खेळांतली दुखापत पुष्कळ पॉलिसींत मुळातून वगळलेली असते.

1888 मध्ये नॉर्वेचा नान्सेन पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडायला निघाला, तो जवळजवळ निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावरून. परत फिरावे तर मागे वस्ती नाही. अन्न आणि निवारा पश्चिमेला, म्हणजे पुढेच. आमची मोहीम एवढी शूर नाही. पण हिलाही परत फिरायला जागा उरू नये, एवढीच कन्येची युक्ती होती.

दसऱ्याच्या रात्री तिसऱ्या फेरीनंतर सामान माणशी एका पिशवीवर आले. ती खोलीत ठेवून कुलूप लावायचे. बर्फावर बरोबर जाईल ते ज्याच्या त्याच्या खिशात : मलम, रुमाल, संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या दोन वड्या. शेवटी जमिनीवर एक थर्मास राहिला. कन्या काही बोलणार तोच हिने तो उचलून फळीवर ठेवला. “चहा तिथेही मिळत असेल,” ती म्हणाली आणि भिंतीशी जाऊन खुर्चीत बसली.

ती पहिल्या दिवशी किती वेळा पडेल, हे फेब्रुवारीत कळेल. मी तिच्याहून अधिक पडणार, हे आजच ठरल्यासारखे आहे. गुलमर्ग सर्वांना परवडते असे नाही, जावेच असेही नाही. पण सुटीत माथेरानला निघा की मुरुडला, बॅगा भरताना वजनकाट्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : याच्याजवळ बसणार कोण? उत्तर ठरलेलेच येऊ लागले, तर आणखी एक पिशवी घरी ठेवा.