दोन बेटं आणि एक दिवस

ग्रीसला जाऊन येणाऱ्या मराठी बायका आता काही थोड्याथोडक्या राहिलेल्या नाहीत. कुणाची मुलगी जर्मनीत असते, कुणी भिशीच्या मैत्रिणी मिळून पैसे साठवतात, कुणाला निवृत्तीनंतर नवरा (एकदाचा!) घेऊन जातो. आठ-दहा दिवसांची ग्रुप टूर असते. त्यात अथेन्स येतं, सँटोरिनी येतं, आणि कार्यक्रमपत्रिकेत मध्येच एक ओळ असते, 'आजचा दिवस मोकळा'. आपल्या आयुष्यात असा छापील मोकळा दिवस इतका क्वचित येतो की त्याचं करायचं काय हेच सुचत नाही. मी ताई आणि भाचीबरोबर जाऊन आले, तेव्हापासून तीन-चार जणींनी मला हाच प्रश्न विचारला. अथेन्सहून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशी दोन बेटं सगळे सुचवतात, त्यातलं कुठलं निवडू?

ती दोन बेटं म्हणजे एयिना आणि इद्रा. इंग्रजी नकाशात पाहिलं तर 'एजिना' आणि 'हायड्रा' असं वाचाल, पण तिथे बोलताना एयिना आणि इद्राच म्हणायचं. माझं उत्तर विचाराल तर एयिना. इद्रा जास्त सुंदर आहे, हे मान्य करूनही एयिना.

त्याआधी तिसऱ्या पर्यायाचा निकाल लावून टाकते. अथेन्सच्या हॉटेलांतून एका दिवसात तीन बेटं दाखवणाऱ्या मोठ्या बोटीची तिकिटं विकतात. इद्रा, पोरोस, एयिना, बोटीवर जेवण, वर ग्रीक नाच. ऐकायला स्वस्त आणि मस्त. पण हिशेब करून बघा. कुठल्या बेटावर तासभर, कुठल्या बेटावर दीड-दोन तास, बाकी सगळा दिवस बोटीत. उतरायचं, फोटो काढायचा, भोंगा वाजला की पळायचं. घरी रोज सकाळी आपण जी धावपळ करतो तीच पैसे भरून करायची असेल तर जरूर जा.

आता इद्रा. अथेन्सचं बंदर पिरेयस, तिथवर शहरातून मेट्रोने जाता येतं. तिथून इद्राला जलद बोटीने दीड-दोन तास लागतात. बोट बंद असते, विमानासारखं आत बसून राहावं लागतं. बेटाचं वळण घेऊन बोट बंदरात शिरते आणि समोर जे दिसतं त्याने खरोखर तोंडातून शब्द फुटत नाही. नाट्यगृहाच्या पायऱ्यांसारखी डोंगरउतारावर चढत गेलेली पांढरी-करडी घरं, मध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी आणि त्यानंतर जहाजमालकांनी बांधलेले दगडी वाडे, खाली अर्धगोल धक्का. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात तुर्कांविरुद्ध लढलेल्या आरमाराचा मोठा भाग या एवढ्याशा बेटाचा होता. आज लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास.

आणि गाड्या नाहीत! मोटार नाही, स्कूटर नाही. कचऱ्याच्या गाडीसारखे अपवाद सोडले तर चाक फिरताना दिसत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडल्यावर कानाला जी शांतता जाणवते ना, तीच इथे, फक्त समुद्रासकट. लहान मूल घेऊन आलेली आई हात सोडून निवांत चालू शकते, ही काही छोटी गोष्ट नाही. इद्राच्या बाजूने मी एक गुण देते तो हाच.

पण माथेरानसारखाच इथेही एक प्रश्न आहे. गाडी नाही तर ओझं कोण वाहणार? धक्क्यावर खेचरं आणि गाढवं ओळीने उभी असतात. पर्यटकांच्या बॅगा तर ती नेतातच, पण सिमेंटची पोती, विटा, फ्रीजसुद्धा त्याच पाठींवरून पायऱ्या चढतात. २०१८ मध्ये ग्रीस सरकारने नियम केला की अशा जनावरांवर १०० किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घालायचं नाही. नियम करावा लागला यावरूनच काय ते समजा. जनावर नको तर आपले पाय. धक्का सोडला की पायऱ्या सुरू होतात त्या संपत नाहीत. ताईचं वय ६७, दोन्ही गुडघे बोलणारे. दहा मिनिटांत ती म्हणाली, ''तुम्ही दोघी जा गं वर. मी इथे बसते.'' म्हणजे मग धक्क्यावरची कॉफी, आणि ती कॉफी अथेन्सपेक्षा महाग. वर जाऊन आम्ही काय पाहिलं? देखणे दरवाजे, बोगनवेल, मांजरी, आणि आमच्यासारखेच फोटो काढणारे शंभर जण.

किनाऱ्याने कामिनी नावाच्या छोट्या बंदराकडे जाणारी वाट मात्र सपाटीची आहे, वीसेक मिनिटांची. चालवत असेल तर ती चुकवू नका. वाळूचा किनारा मात्र गावात शोधू नका. तिथले लोक खडकांवरून थेट खोल पाण्यात उड्या मारतात. आपल्यापैकी ज्या गुडघाभर पाण्यात साडी-सलवार सावरत उभं राहण्याला 'समुद्रस्नान' म्हणतात त्यांचं तिथे काम नाही.

इद्राची जगभर ख्याती झाली ती कलावंतांमुळे. कॅनडाचा गायक-कवी लिओनार्ड कोहेन याने १९६० मध्ये तिथे दीड हजार डॉलरला घर घेतलं. त्याच्या घराची गल्ली लोक शोधत जातात. मला मात्र तिथे सारखी आठवत होती ती शार्मियन क्लिफ्ट. ही ऑस्ट्रेलियन लेखिका १९५५ ते १९६४ या काळात नवरा आणि मुलांबरोबर इद्राला राहिली. नवराही लेखक, जॉर्ज जॉन्स्टन. तिचं तिसरं मूल तिथलंच. तिने तिथल्या दिवसांवर 'पील मी अ लोटस' हे पुस्तक लिहिलं, ते १९५९ मध्ये आलं. निळा समुद्र त्यात आहेच, पण जुनं घर राहण्याजोगं करणं, पैशांची चणचण, बाळंतपण, असं सगळं बाईच्या बाजूचं इद्राही आहे. बेटाच्या नावातच 'पाणी' आहे आणि बेटावर पाण्याची टंचाई! पुढे बरीच वर्षं तिथे पाणी बोटीने आणावं लागे. मंडळी रात्री धक्क्यावर मैफली जमवत होती तेव्हा घरात पाणी कोणी भरून ठेवलं असेल, हा प्रश्न दुष्काळी भागातल्या आम्हा बायकांना पडल्याशिवाय राहत नाही. कोहेनचं घर दाखवणारा कुणीही मला क्लिफ्टचं घर आपणहून दाखवायला आला नाही.

एयिनाची गोष्टच वेगळी. पिरेयसहून साध्या मोठ्या बोटीने सव्वा तास. या बोटीत गाड्या चढतात, ट्रक चढतात, सिलिंडर चढतात, आणि वरच्या उघड्या डेकवर आपण वारा खात बसायचं. तिकीट इद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्शात. आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर केकचा खोका. भाषा एकमेकींची शून्य, पण त्यांनी बोटांनी दाखवलं ते ताईला लगेच समजलं. नातू, पाच वर्षांचा. वाढदिवस! इद्राच्या बोटीत सगळे आमच्यासारखेच पाहुणे होते. इथे अर्धी बोट आपल्या कामाला किंवा घरी निघालेली. माझ्या मते फरक इथेच सुरू होतो.

बंदरात उतरलं की पिस्ते. धक्क्यावरच्या टपऱ्यांत पिस्ते, खारवलेले, बिनमिठाचे, पिस्त्याचं लोणी, पिस्त्याची चिक्कीसुद्धा (नाव वेगळं, पण चिक्कीच ती). एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे पिस्त्याच्या बागा वाढल्या, आणि आता एयिनाचा पिस्ता त्याच नावाने युरोपात संरक्षित आहे, आपल्या हापूसला मानांकन आहे तसा. ग्रीक लोक त्याला 'फिस्तिकी' म्हणतात. मी 'पिस्ता' म्हटलं तर दुकानदारीण खूश झाली. दोन्ही शब्दांचं मूळ इराणातलं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा तोडणीचा हंगाम. त्या दिवसांत गेलात तर ताजा पिस्ता मिळतो, गुलाबी सालीसकट.

धक्क्यामागे मासळीबाजार आहे, मालवण-रत्नागिरीच्या बायकांना घरी आल्यासारखं वाटेल असा. बाजाराला खेटून जेवणाच्या खानावळी. आता आपल्यातल्या शाकाहारी मैत्रिणींसाठी एक कामाचा शब्द सांगते, 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास कडक असतात. मांस, अंडी, दूध सगळं बंद. त्यामुळे पांढऱ्या मोठ्या घेवड्याची उसळ, भात भरलेले टोमॅटो, हरभऱ्याचं कालवण, शिजवलेली पालेभाजी असे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. पण एक गंमत आहे. त्यांच्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो! तेव्हा 'निस्तीसिमो' म्हटल्यावरही ताटात काय आहे ते विचारून घ्या.

इतिहास म्हणाल तर हे गाव थोड्या काळासाठी नव्या ग्रीसची राजधानी होतं. पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास १८२८ मध्ये इथे आले, नव्या देशाची पहिली नाणी इथे पाडली गेली, आणि युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी त्यांनी इथेच मोठं अनाथालय बांधलं. पुढे त्याच इमारतीचा तुरुंग केला गेला. अनाथालयाचा तुरुंग करायला सरकारांना फार वेळ लागत नाही, असं मला उगाच वाटून गेलं.

बंदरावरूनच बस निघते. वाटेत संत नेक्तारिओस यांचा मठ लागतो, हा बायकांचा, जोगिणींचा मठ. १९२० मध्ये वारलेल्या या धर्मगुरूला १९६१ मध्ये संतपद मिळालं. आजारी माणसांसाठी नवस बोलायला लांबून बायका येतात. त्यांचे चेहरे पाहून ताई एकदम गप्प झाली. ते चेहरे आपण पंढरपूरला, गाणगापूरला पाहिलेले असतात. तीच बस पुढे अफायाच्या देवळाशी थांबते.

हे देऊळ इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचं, म्हणजे अथेन्सच्या प्रसिद्ध पार्थेनॉनपेक्षाही जुनं. पाइनच्या झाडांमध्ये टेकडीवर, चोवीस-पंचवीस खांब अजून उभे. (मूर्ती मात्र इथे नाहीत. १८११ मध्ये सापडल्या आणि गेल्या जर्मनीतल्या म्युनिकला.) बसमधून उतरून थोडंच चालायचं. ताई काठी टेकत आरामात आली. हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे अथेन्स दिसतं. पण मला खिळवून ठेवलं ते देवीच्या गोष्टीने. अफाया ही मूळची क्रीट बेटावरची मुलगी. तिथला राजा तिच्या मागे लागला. तिने समुद्रात उडी घेतली, कोळ्यांच्या जाळ्याने वाचली, त्यांच्या होडीतून इथे आली. तर होडीतल्या कोळ्यानेच तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला! ती रानात पळाली आणि दिसेनाशी झाली. 'अफाया' म्हणजे अदृश्य झालेली. जिथे ती नाहीशी झाली तिथे हे देऊळ. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण गोष्टीत नवीन काय आहे सांगा? बाईला वाचवायचं तर तिला दिसेनासं करायचं आणि मग तिचं देऊळ बांधायचं. आपल्याकडेही धरणीत गडप झालेल्या, डोहात गेलेल्या आणि मग शेंदूर लागलेल्या किती देव्या आहेत. त्या खांबांच्या सावलीत आम्ही तिघी तासभर यावरच बोलत बसलो. भाची म्हणाली, ''मावशी, पळून जाणारीच्या ऐवजी पळवून लावणारी एखादी देवी नाही का गं?'' ताईने लगेच तुळजापूरचं नाव घेतलं.

असा तास इद्राला मिळाला नाही. इद्रा आपल्याकडून कौतुक मागतं आणि ते देऊन झालं की आपल्याला तिथे काम उरत नाही. एयिना तेवढं देखणं नाही. बंदरात गाड्यांची कटकट आहे, काही किनारे अगदीच सामान्य आहेत. पण तिथे आपल्या नात्याचं काहीतरी सारखं सापडत राहतं. एकच दिवस हातात असताना मला ते जास्त मोलाचं वाटतं. भाचीचं मत नेमकं उलट आहे हेही सांगायला हवं. ती म्हणते, ''नात्यातलं बघायला मी ग्रीसला कशाला येऊ?'' पंचविशीत मीही हेच म्हटलं असतं. गुडघे शाबूत असतील आणि बरोबर कुणी आवडतं माणूस असेल तर इद्रा जरूर निवडा, पण शक्यतो रात्री राहा. दिवसाची गर्दी शेवटच्या बोटीने गेल्यावर ते बेट फार वेगळं होतं म्हणतात.

फक्त एक करा. ग्रुपमध्ये ''तुम्ही सगळे जाल तिथे मी'' असं म्हणू नका. आमच्याच हॉटेलात एक काकू होत्या, मुलाने आणलेल्या. मोकळ्या दिवशी मुलगा-सून खरेदीला गेले आणि काकू खोलीत कपडे घडी घालत बसल्या. ''मला काय, कुठेही चालतं,'' म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी ताईने त्यांना सरळ हाताला धरून एयिनाच्या बोटीत बसवलं. देवळात त्यांनी चपला काढल्या, तिथे कुणीच काढत नाही तरी.

तिकिटं आदल्या दिवशी काढा. उन्हाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, तेव्हा बोटी रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी बेटाचा बेत ठेवू नका. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या लिहून घ्या आणि अफायाच्या बसची वेळही, सुटीच्या दिवशी बसफेऱ्या कमी असतात. पिस्ते बंदरावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची टपरी आहे तिथे घ्या. खारवलेले बोटीत खायला, आणि बिनमिठाचे घरी, श्रीखंडात घालायला.