तिसरा घाट

‘घाट’ या शब्दास आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. डोंगर ओलांडण्याची वाट तोहि घाट, आणि नदींत उतरण्याच्या पायऱ्या तोहि घाटच. मूळ संस्कृत ‘घट्ट’ शब्दाचा रोख या दुसऱ्या अर्थाकडे. पुण्याहून आमच्या कृष्णाकाठच्या घरीं जावयाचें म्हणजे पहिल्या अर्थाचे दोन घाट चढून दुसऱ्या अर्थाच्या एका घाटापाशीं उतरावयाचें.

घर वाईच्या पश्चिमेस, मेणवलीच्या अंगाला; अंतर सुमारें ९० किलोमीटर. आमच्या लहानपणीं एस. टी. कात्रजच्या चढावर धापा टाकी. शिरवळच्या अलीकडे नीरा लागली कीं तीर्थरूप हात जोडीत. खंबाटकीच्या वळणांवर मुलांच्या नाकाशीं लिंबू धरावें लागे. सुरूरला मोठा रस्ता सोडून गाडी उजवीकडे वडांच्या सांवलींत शिरली, कीं घर आलेंच असें वाटे. प्रवासांत दिवस जाई. पण मुक्कामहि महिन्याचा असे.

गेल्या महिन्यांत चिरंजिवांच्या मोटारींतून गेलों. नव्या बोगद्यानें कात्रजचा घाट चुकविला. खंबाटकी मागें पडली ती पेंगतांना कळलीहि नाहीं. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर पोर्तुगीज घंटा आहे; १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं वसई जिंकली तेव्हांची. ती नातीस दाखवावी असें मनांत होतें. पण चिरंजिवांनीं घड्याळ पाहिलें.

घाईचें कारण सांगावयास संकोच वाटतो. घर विकावें असें भावाबंदांत ठरत आलें होतें. तेथें एकट्या राहणाऱ्या आमच्या थोरल्या वहिनींची सही घ्यावयाची आणि दिवेलागणीपूर्वीं परतावयाचें, असा बेत होता.

वहिनींनीं कागद पाहिले. चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, “भावोजी, दोन तासांची वाट म्हणतां, मग यायला दोन वर्षें कशीं हो लागलीं?”

मुलांस पस्तीस वर्षें गणित शिकविलें. हें त्रैराशिक आम्हांस सुटेना.

“सही करीन,” त्या म्हणाल्या, “पण आधीं घाटावर जाऊन पाय तरी धुऊन या.”

नातीचा हात धरून उतरलों. पूर्वीं किती पायऱ्या पाण्याखालीं गेल्या त्यावरून तीर्थरूप पावसाचा अंदाज सांगत. आतां वर धोमचें धरण झालें. पाणी दरवाजांच्या हुकुमानें येतें. तरी गारवा तोच. नात म्हणाली, “आजोबा, आपण इथें राहत कां नाहीं?” मुलांच्या शंकेस उत्तर न देणें हें शिक्षकास शोभत नाहीं, पण आम्ही गप्प राहिलों.

त्या रात्रीं मुक्काम केला. सकाळीं नातीस घंटा दाखविली. कागद आले तसेच परत नेले. पुढें काय ठरेल तें सर्वांच्या विचारें ठरो. पण ज्यांनीं दहा वर्षांत त्या घरीं एक रात्रहि काढली नाहीं, त्यांनीं आधीं चार दिवस राहून यावें, एवढें आम्ही भावाबंदांस लिहिलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचें असें एखादें घर कुठल्या तरी पाण्याकांठीं असेल. रस्ता आंखूड झाला, हें चांगलेंच झालें. वांचलेला वेळ मात्र त्या घरींच खर्चावा. आणि निघण्यापूर्वीं तिसरा घाट उतरावयास विसरूं नये.