अडीच टक्के महिना आणि निफ्टी

नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेली एक कार्यकर्ती परवा बैठक संपल्यावर थांबली. बचत खात्यात ऐंशी हजार साठलेत. त्यावरचं व्याज ती दर तीन महिन्यांनी काढते आणि सवाबची अपेक्षा न ठेवता कुणा गरजूला देऊन टाकते. अम्मीने तसंच शिकवलंय. आता घरात दोन मतं आहेत. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, इंडेक्स फंडात एसआयपी सुरू कर. मामू म्हणतात, शेअर बाजार म्हणजे जुगार. त्यापेक्षा ओळखीतल्या एका ‘हलाल’ धंद्यात पैसे ठेव, लाखाला महिना अडीच हजार नफा मिळतो आणि व्याजाचा प्रश्नच येत नाही.

मामूंच्या योजनेपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या वस्त्यांतला पैसा बाजारापेक्षा अशाच वाटेने जास्त बुडाला आहे. बंगळुरूची ‘आयएमए’ आठवा. ठेवीदारांना ‘भागीदार’ म्हणायचं, दर महिन्याला ‘नफा’ वाटायचा आणि हे सगळं शरियतला धरून आहे असं सांगायचं, असा तो प्रकार होता. जून २०१९ मध्ये दुकान बंद झालं, संस्थापक दुबईला निघून गेला आणि चाळीस हजारांहून जास्त लोक तक्रारी घेऊन रांगेत उभे राहिले. त्यात निवृत्तीचे पैसे होते, मुलींच्या लग्नाचे होते, दागिने मोडून आणलेले होते.

धंद्यात कधी तेजी असते, कधी मंदी. मग दर महिन्याला अडीच टक्क्यांचा तोच आकडा येतो कुठून? मुद्दलावर आधीच ठरलेला, हमीचा परतावा म्हणजे आपण ज्याला व्याज म्हणून टाळत होतो तेच नाही का? नाव तेवढं बदललं. पुष्कळदा तर तो नफाही नसतो; मागून येणाऱ्यांचे पैसे पुढच्यांना दिले जातात, एवढंच.

यात दोष केवळ भोळेपणाचा नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय बाजूला ठेवला. व्याज नको असणाऱ्या माणसाला सरळ रस्ता मिळाला नाही, म्हणून तो सोनं, प्लॉट, भिशी आणि ‘ओळखीतला धंदा’ यांतच फिरत राहिला.

आता इंडेक्स फंड. निफ्टी ५० चा फंड घेतला की पन्नास मोठ्या कंपन्यांत तुमचा बारीकसा वाटा होतो. कुठला शेअर चढेल याचा अंदाज कुणी बांधत नाही. निर्देशांकात जे आहे ते त्याच प्रमाणात घेतलं जातं. हमी कसलीच नाही. जानेवारी २००८ मध्ये ६,३०० च्या आसपास असलेला निफ्टी ऑक्टोबरात २,६०० च्या खाली होता आणि त्या उंचीवर पुन्हा टिकायला त्याला जवळपास सहा वर्षं लागली. २०२० मध्ये १२,३०० वरून तो दोन-अडीच महिन्यांत ७,६०० च्या आसपास आला. तेव्हा मात्र त्याच नोव्हेंबरात सावरला. म्हणजे नफ्यासोबत तोटाही वाटून घ्यायचा. भागीदारी म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पण ‘निफ्टीत पैसे टाकलेत’ असं सांगणारा प्रत्येक मित्र हेच करत नसतो. टेलिग्रामवरच्या टिपा वाचून निफ्टीचे ऑप्शन घेणारी पोरं आपल्याकडेही वाढली आहेत. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. जुगार म्हणायचं तर याला म्हणा.

राहिला दीनचा प्रश्न. निफ्टी ५० मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांचं वजन मोठं आहे, सिगारेट विकणारी आयटीसीही आहे. ज्यांना हे टोचतं त्यांच्यासाठी निफ्टी ५० शरिया निर्देशांक आहे. त्यात बँका, दारू, तंबाखू नाहीत आणि कंपनीवरचं व्याजी कर्ज मर्यादेत आहे का हेही पाहिलं जातं. त्यावर चालणारा ‘शरिया बीज’ हा ईटीएफ २००९ पासून आहे, पण त्याला डीमॅट खातं लागतं, आणि बँका वगळल्यामुळे पैसा थोड्याच क्षेत्रांत एकवटतो. टाटा एथिकल, टॉरस एथिकल हेही शरियाच्या चौकटीतले फंड आहेत. मात्र ते इंडेक्स फंड नव्हेत; तिथे शेअर निवडणारा व्यवस्थापक असतो आणि त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो.

हा खर्च किरकोळ समजू नका. महिना १,००० रुपये, वीस वर्षं, म्हणजे तुमचे २ लाख ४० हजार. केवळ हिशेबासाठी वर्षाला १० टक्के वाढ धरली तर सुमारे ७ लाख ६० हजार होतात. एक टक्का खर्चात गेला तर सुमारे ६ लाख ७० हजार. एका टक्क्यापायी नव्वद हजार गेले! म्हणून साधा फंड घेतानाही ‘डायरेक्ट’ प्लॅन घ्या. एजंटचं कमिशन वाचतं.

साधा निफ्टी घेणाऱ्याचं इमान कुणी तोलू नये आणि शरिया फंड शोधणाऱ्याला मागासही म्हणू नये. तो ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा मामला आहे. आमचा आग्रह इतकाच की निर्णय कागद वाचून घ्यावा, पाटी वाचून नव्हे.

आणि घाईही नको. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, सोनं गहाण असेल, तर आधी ते सोडवा. चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा. पुढच्या वर्षी फी भरायची असेल तर ते पैसे बाजारात टाकू नका. इथे सात-दहा वर्षं हात न लावता येतील तेवढेच टाकावेत.

मुलींना एक खास सांगणं. फंड तुमच्या नावावर, तुमच्याच बँक खात्याला जोडलेला आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येणारा असावा. ‘भाईजान बघतात सगळं’ हे उत्तर आम्ही फार वेळा ऐकलंय. महरची रक्कम खरोखर हातात पडली असेल (किती जणींच्या पडते हा वेगळाच अग्रलेख होईल), तर तीही स्वतःच्याच नावावर राहू द्या.

त्या कार्यकर्तीला आम्ही एवढंच सांगितलं, की मामूंच्या धंदेवाल्याला लोकांचे पैसे घेण्याची परवानगी कुणी दिली आहे, ते कागदावर मागून घे. पुढच्या बैठकीला ती आली ती हसतच. मामू म्हणाले होते, “अपनेवालों में कागज कौन मांगता?” तिने साठ हजार खात्यातच ठेवलेत. उरलेल्या वीस हजारांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दोन्ही फंडांची माहितीपत्रकं तिने छापून आणली होती आणि चहा होईपर्यंत ती पेन्सिलीने खुणा करत बसली होती.