दया नको, दोरी द्या

माझ्या भाचीला फक्त उजेड-अंधार कळतो, बाकी काही दिसत नाही. शाळेच्या क्रीडादिनाला तिला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची दिली होती, हातात पुष्पगुच्छ. शंभर मीटरची शिट्टी वाजली तशी ती हळूच म्हणाली, "मामू, मी का नाही पळायचं?" मी क्रीडाशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "पडली तर जबाबदार कोण?" घरी आलो, तर आपाही तेच म्हणाली. वर, "अल्लाहची मर्जी."

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. तिला पळण्यासाठी फक्त एक दोरी हवी होती.

अंधांच्या शर्यतीत खेळाडूसोबत गाईड, म्हणजे सोबती धावपटू असतो. दोघांच्या हातात एका छोट्या, न ताणणाऱ्या दोरीची दोन टोकं. जोडीला दोन लेन मिळतात. गाईडने खेळाडूला ओढायचं नाही, आणि शेवटची रेषा खेळाडूनेच आधी ओलांडायची. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्माने 200 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा तिचा गाईड अभय सिंह असाच शेजारी धावत होता.

या खेळाची स्वतःची भाषा आहे. 'टी' म्हणजे ट्रॅकवरचे आणि उडीचे प्रकार, 'एफ' म्हणजे फेकीचे. पुढचा आकडा अडचण कोणती आणि किती ते सांगतो. 11 ते 13 दृष्टीसाठी, 20 बौद्धिक अक्षमतेसाठी. आपल्या सांगलीच्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्य मिळवलं ते एफ 46 मध्ये. तो गट हाताच्या अपंगत्वाचा. ज्यांना उभं राहता येत नाही, ते जमिनीला घट्ट बांधलेल्या खुर्चीतून फेकतात. ज्यांच्या बोटांत पकड नाही, त्यांच्यासाठी क्लब थ्रो आहे: लहान मुद्गलासारखी दिसणारी, 397 ग्रॅमची वस्तू. धरमबीरने पॅरिसला ती 34.92 मीटर फेकून सुवर्ण जिंकलं.

म्हणजे माणूस आहे तसाच ठेवून खेळ त्याच्याजवळ आणलाय. आपल्याकडे उलटं. आपण 'अपंग'चं 'दिव्यांग' केलं, पण मूल राहिलं पाहुण्यांच्या खुर्चीतच. 2016 च्या कायद्याने दिव्यांगांचा खेळात सहभागाचा हक्क मान्य केलाय. पण शिक्षकाला हे शब्द आणि ही साधनं माहीतच नसतील, तर तो हक्क कागदावरच राहणार. मग हमदर्दी दाखवणं सोपं पडतं. पुष्पगुच्छ दिला की झालं.

मी शिक्षकांनाच दोष देत नाही. आम्ही घरच्यांनीही तिला कधी पळू दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात बुटाची नाडी दुहेरी करून, दोन्ही टोकांना फास बांधून तिला मैदानावर नेलं. आधी चाललो, मग पळालो. पन्नास पावलांत मला धाप लागली. ती म्हणते, "मामू, तुम्ही मागे पडताय!" गाईड खेळाडूपेक्षा वेगवान असावा लागतो, हे मी तिथे शिकलो. आता माझा कॉलेजातला मुलगा तिच्यासोबत धावतो. आपा कडेला उभी राहते. दोन वेळा भाची पडली, गुडघा खरचटला. पळणारी सगळीच मुलं पडतात.

पुढच्या क्रीडादिनाला मी शाळेकडे दोन लेन मागणार आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात असं मूल असेल, तर तुम्हीही मागा. नाडी मी आणून देतो.