गडवाटेवरची सुरी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका सुरीवरून दोन दिवस वाद चालला होता. आमची पुतणी महाविद्यालयांतील मैत्रिणींसह हरिश्चंद्रगडावर निघाली. पिशवी भरतांना तिच्या मातोश्रींनीं स्वयंपाकघरांतील लांब पात्याची सुरी तींत घातली. आम्हीं कारण विचारलें. "भावोजी, रानांत नुसत्या मुली. जनावर असतें, माणूसहि असतो. हातीं कांहींतरी नको का?"

आईचें हें बोलणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. भय खोटें आहे असें आम्हीहि म्हणत नाहीं; पण सुरी हें त्यावरचें उत्तर नव्हे, असें आमचें मत आहे, आणि तें पुस्तकांतून आलेलें नाहीं.

१९७८ सालच्या डिसेंबरांत आम्ही चौघे मित्र खिरेश्वराहून टोलार खिंडीच्या वाटेनें याच गडावर गेलों होतों. रात्रीं देवळाजवळच्या गुहेंत उतरलों. आमच्या कमरेला एक जंबिया होता. मिरवण्याची हौस, दुसरें काय! दिवे लागून बराच वेळ झाल्यावर गुहेच्या तोंडाशीं पावलें वाजलीं. "कोण?" म्हणून दोनदां विचारलें. उत्तर नाहीं. आम्हीं पातें उपसलें आणि अंधारांतच पुढें झालों. मागून कोणीं तरी कंदील उचलला, तेव्हां समोर एक म्हातारा गुराखी दिसला. तो कानांनीं बहिरा होता. वाटेंत पडलेला आमचा तांब्या परत द्यावयास तो थंडींत आला होता. जंबियाचें टोंक त्याच्या घोंगडीला टेकलें होतें. त्यानें तांब्या खालीं ठेवला व एक शब्द न बोलतां निघून गेला. त्याचें नांव विचारण्याचेंहि आम्हांस सुचलें नाहीं.

भ्यालेल्या माणसाला पुढें कोण आहे हें दिसत नाहीं. समोरचा खरोखरीच दुष्ट असला, तर न शिकलेल्या हातांतून सुरी हिसकून घेणें त्याला अवघड नाहीं. मग आपलें शस्त्र आपल्यावरच. बिबट्या बहुधा माणसांचा घोळका टाळतो, आणि सुरी उपयोगी पडेल इतक्या जवळ तो आलाच तर वेळ टळून गेलेली असते. सर्पदंशाच्या जागीं चीर देण्याची जुनी रीत तर घातकच. अवयव न हलवतां प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत पोंचावें. आग्या मधमाशांपुढें सुरीचें काय चालणार!

आमचे बंधु वकील. त्यांनीं निराळाच मुद्दा काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणें लेखी परवानगीवांचून अभयारण्यांत शस्त्र नेतां येत नाहीं, आणि शस्त्राच्या व्याख्येंत चाकूचा उल्लेख नांवानिशीं आहे. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. म्हणजे मातोश्रींच्या मायेनें मुलगी वनरक्षकाच्या चौकशींत सांपडावयाची!

मग आम्हीं पुतणीला जवळ बसवून विचारलें, "उतरणार कोठें? वाटाड्या कोण?" दोन्हींचें उत्तर "बघूं, काका" असें आलें. खरी काळजी आम्हांस येथें वाटली. त्याच सायंकाळीं पाचनईस एका कुटुंबांत मुक्काम ठरला व गांवांतला वाटाड्याहि मिळाला. जाण्यायेण्याची वाट व परतण्याची वेळ कागदावर लिहून तो देवघराशेजारीं अडकवला. प्रत्येकीच्या गळ्यांत शिटी, जवळ विजेरी, हातांत काठी. संकटांत ११२ हा क्रमांक फिरवावा हें त्यांना ठाऊक होतें. पण दऱ्याखोऱ्यांत दूरध्वनि लागेलच असें नाहीं, हें त्यांनीं धरलेलें नव्हतें.

मातोश्रींनीं सुरी काढून घेतली खरी, पण लगेच विचारलें, "मग काकड्या कशानें चिरायच्या, भावोजी?" याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. शेवटीं डझनभर केळीं दिलीं.

मंडळी रविवारीं रात्रीं सुखरूप परतली. शिटी वाजवण्याचा प्रसंग आला नाहीं. केळीं माकडांनीं नेलीं.